नऊ महिने आंकी वापरल्यावर: जपानीची एन थ्री आणि नोकरीची तयारी

मागच्या मे महिन्यात आंकी, म्हणजे कार्डांवरून शब्द पाठ करायचं अ‍ॅप, मोबाइलवर घेतलं तेव्हा डोक्यात एकच होतं: डिसेंबरला जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, एन थ्री ही मधली पातळी काढायची आणि पुण्यात जपानी भाषांतराची नोकरी मिळवायची. परीक्षा निघाली, १८० पैकी ११७. (पास व्हायला ९५ लागतात, शिवाय तिन्ही विभागांत प्रत्येकी किमान १९.) नोकरीचे प्रयत्न अजून चालू आहेत.

अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर हे फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. दिसायला अगदी साधं. कार्ड बघायचं, अर्थ आठवायचा, किती सहज आठवला त्याचं बटण दाबायचं. विसरायच्या बेताला ते कार्ड पुन्हा समोर येतं. मुळात रोज २० नवी कार्डं येतात. तेवढीच ठेवली तर दोन महिन्यांत उजळणीच रोज शंभरावर जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गणपतीत सहा दिवस गावी गेले, परत आले तर ७४० कार्डं साचलेली. नवी कार्डं बंद करून जुनी उपसायला आठवडा गेला. आता रोज १० नवी ठेवते आणि सकाळी चहाबरोबर उरकते.

सुरुवातीला कार्डांचा तयार संच उतरवून घेतला, तिथे चुकलं. २०१० पासून जेएलपीटीची अधिकृत शब्दयादी निघतच नाही, त्यामुळे 'एन थ्रीचे सगळे शब्द' असा कुठलाही संच म्हणजे बनवणाऱ्याचा अंदाज. त्यात अर्थ इंग्रजीत. 'ताबेते मिरु'च्या मागे 'ट्राय' असं काहीतरी होतं आणि ते डोक्यात बसेना. मग एका रात्री लक्षात आलं, 'मिरु' म्हणजे बघणे, 'ताबेते' म्हणजे खाऊन. खाऊन बघणे! 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे, आणि 'ओकु' म्हणजे ठेवणेच. क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी. त्या दिवसापासून कार्डामागे मराठी लिहायला लागले आणि व्याकरणाची भीती गेली. मराठी माणसाने जपानी इंग्रजीतून का शिकावी, हे मला आजही कळत नाही.

आता नोकरीचं. फेब्रुवारीत एका आयटी कंपनीत मुलाखत झाली. समोर बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची, यादी ठेवली, एका रकान्यात 'ताइओ-झुमि' असं होतं. माझ्या कार्डावर 'ताइओ' म्हणजे प्रतिसाद, म्हणून मी 'उत्तर दिले आहे' असं केलं. तिथे त्याचा अर्थ होता, काम करून झालं, बग मिटला. पुढे फोनवर बोलायला लावलं तेव्हा केइगो, म्हणजे आदरार्थी बोली, तोंडातून निघेना. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही, लिहिण्याचीही नाही. नऊ महिने मी फक्त ओळखायला शिकले होते. शिवाय भाषांतरकाराच्या जागेला बहुतेक ठिकाणी एन टूच, म्हणजे एन थ्रीच्या वरची पातळी, मागतात.

घरी येऊन ते कार्ड खोडलं आणि पूर्ण वाक्यच घातलं. तेव्हापासून सुटा शब्द घालत नाही. मराठी वाक्य पुढे, जपानी मागे, आणि मोठ्याने म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. वाक्यं कामातली: 'गो-काकुनिन कुदासाई', कृपया तपासून घ्या. 'केन्तो शिमासु', विचार करतो. हे ऐकलं की बरेचदा नकार समजायचा, तेही कार्डावर लिहून ठेवलंय. आयटीत काम करणाऱ्या सीनियर ताईंकडून आठवड्याला दहा वाक्यं मागून घेते आणि रविवारी त्यांच्याशीच फोनवर वीस मिनिटं जपानीत बोलते. हे आंकी करून देत नाही.

वर्षभर टिकून करणार असाल तर जरूर घ्या. परीक्षेला महिना उरल्यावर घेऊन उपयोग नाही, उजळणीला दिवसच पुरत नाहीत. माझी एन टू जुलैच्या पहिल्या रविवारी आहे; कामाच्या वाक्यांचा संच आत्ता २१० वर पोचलाय.