पोटापुढे की उजव्या कमरेला? परवान्याचं हत्यार बाळगण्याआधी

भाच्याचा शस्त्र परवाना आला आणि तो पिंपळगावहून थेट नाशिकला माझ्याकडे आला. हत्यार घ्यायचं अजून बाकी होतं, पण होल्स्टर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरचं म्यान, मात्र आणून झालेलं. पँटच्या आत, बेंबीच्या जरा उजवीकडे अडकवायचं. "मामा, आता सगळे पुढंच लावतात," म्हणाला. हे सगळे म्हणजे मोबाइलमध्ये दिसणारे अमेरिकन. कांद्याच्या व्यापारात रोकड हिंडवावी लागते म्हणून मी परवाना काढला, त्याला अकरा वर्षं झाली. बहुतेक काळ हत्यार उजव्या कमरेला असतं, मधली दीड वर्षं पुढेही लावून पाहिलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

घड्याळाच्या हिशोबाने बेंबीला बारा धरा. पुढे लावणं म्हणजे एकच्या ठोक्याला आणि कमरेला म्हणजे साडेतीन-चारला. तिसराही एक प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो: होल्स्टर नाहीच, सदऱ्याखाली रिव्हॉल्वर नुसतं खोचलेलं. तो या तुलनेत धरायचाच नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी प्लॅक्सिको बरेस आठवावा. हा अमेरिकन फुटबॉलपटू नोव्हेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये ढगळ पँटच्या कमरेत ग्लॉक खोचून गेला. पिस्तूल खाली घसरायला लागलं, याने घाईने पकडलं आणि चाप ओढला गेला. गोळी स्वतःच्याच मांडीत, आणि बेकायदा हत्याराबद्दल दोन वर्षांची शिक्षा वेगळी.

आता खरी तुलना. पहिला प्रश्न असा, की चुकून बार झालाच तर नळी कुठे बघत असेल?

पुढच्या होल्स्टरमध्ये, उभं असताना, नळी जांघ आणि मांडी यांच्यामधे बघते. खुर्चीत बसलात की मांडीच नळीसमोर येते. जांघेतून पायात उतरणारी मोठी धमनी तिथूनच जाते. ती फुटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, आणि इतक्या वर जखम असेल तर पट्टा आवळून रक्त थांबवायला जागा नसते. कापड कोंबून, अंगाचा भार टाकून दाबत राहायचं, एवढंच हातात उरतं. चार वाजताच्या होल्स्टरची नळी कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूने पायामागच्या जमिनीकडे असते. तिथेही लागलं तर हाल आहेतच. पण जाड मांसात लागणं आणि धमनीत लागणं यात फार फरक आहे.

एवढं वाचून पुढचा पर्याय खोडू नका, कारण नीट होल्स्टरमध्ये बसलेलं चांगल्या स्थितीतलं हत्यार आपण होऊन सुटत नाही. धोका असतो बाहेर काढताना, आणि त्याहून जास्त परत ठेवताना. काढताना आपण सावध असतो. ठेवताना काम संपल्यासारखं वाटतं.

माझ्या बाबतीत तेच झालं. निफाडकडची डिसेंबरातली पहाट, अंगात जाड जॅकेट, रिव्हॉल्वर कमरेला, चारच्या ठोक्याला. घरून निघताना होल्स्टरमध्ये सरकवलं तर शेवटच्या बोटभर अंतरावर अडलं. जोर लावणार होतो. कोण जाणे का, पण थांबलो आणि बाहेर काढून पाहिलं. जॅकेटच्या दोरीच्या टोकाचा प्लॅस्टिकचा मणी चापाच्या कडीत शिरला होता. खाली रेटलं असतं तर चाप ओढायचं काम त्या मण्यानेच केलं असतं. त्या दिवशी मला दोन गोष्टी एकदमच कळल्या. हत्यार कमरेला होतं म्हणून मला मणी दिसला नाही. कोपरामागे, कपड्याआड, सगळं अंदाजानेच चाललेलं असतं. पुढे असतं तर मान खाली घालताच दिसला असता. पण पुढे असतं आणि तरीही चुकलो असतो, तर हे लिहायला बसलो नसतो.

म्हणजे पुढे लावलं तर चूक दिसते, पण दिसली नाही तर ती जिवावर बेतते. कमरेला लावलं तर चूक दिसत नाही, पण तिची शिक्षा बहुधा हलकी असते. बाकी सगळे मुद्दे मला या एका हिशोबापुढे दुय्यम वाटतात.

पुढेच लावायचं असेल तर एक सवय लावून घ्या: हत्यार अंगावरच्या होल्स्टरमध्ये घालूच नका. रिकामं होल्स्टर पँटमधून काढा, नळी भिंतीच्या किंवा जमिनीच्या सुरक्षित बाजूला ठेवून हत्यार त्यात बसवा, मग दोन्ही मिळून कमरेला अडकवा. रात्री उलट क्रमाने, होल्स्टरसकट बाहेर. हे शक्य नसेल तेव्हा डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर धरायचा, कंबर पुढे काढून धड मागे झुकवायचं म्हणजे नळी अंगापासून दूर जाते, बोट सरळ चापाबाहेर, नजर होल्स्टरच्या तोंडावर, आणि सावकाश. घोडा, म्हणजे आपटून काडतूस उडवणारा मागचा भाग, बाहेर असलेलं हत्यार असेल तर अंगठा घोड्यावर ठेवावा. चाप आत जायला लागला तर घोडा अंगठ्याला आधी कळवतो. बहुतेक ग्लॉकसारख्या पिस्तुलांना बाहेर घोडा नसल्याने ही सोय मिळत नाही.

होल्स्टर दोन्ही जागी कडकच हवं: चापाची कडी पूर्ण झाकणारं आणि हत्यार बाहेर असतानाही तोंड उघडं राहणारं. बाजारात मिळणारं मऊ कापडी होल्स्टर रिकामं झालं की पिचकतं, त्याची घडी आत वळते आणि माझ्या मण्याचंच काम करते. चामड्याचं जुनं झालं की तेही मऊ पडतं. तोंडाची कड वाकायला लागली की ते टाकून द्यायचं, आजोबांचं असलं तरी.

हत्यार कोणतं, यावरही बरंच ठरतं. 9 मिमी पॅराबेलम हे काडतूस आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापांत) मोडतं, म्हणून बहुतेकांकडे .32 बोअरचं हत्यार असतं. 2014 मध्ये आलेलं निर्भीक रिव्हॉल्वर अर्ध्या किलोचं, 2023 मधलं प्रबल त्याहून जड. रिव्हॉल्वरचा घोडा न चढवता चाप ओढायला साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो, आणि पुढे लावणाऱ्याला चापाचा हा जडपणा वरदानच आहे. पण त्याच रिव्हॉल्वरचं गोल चक्र पोटात रुततं. रुतलं की माणूस दर पाच मिनिटांनी चारचौघांत कंबर चाचपतो, आणि ते चाचपणं काही बरं नाही. पिस्तूल चपटं असल्याने पुढे छान बसतं. मात्र चाप हलका असेल तर पुढे लावणाऱ्याने, निदान पहिली काही वर्षं, चेंबर, म्हणजे नळीमागचं काडतुसाचं घर, रिकामंच ठेवावं.

जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा अडवणारी पट्टी नसेल तर पडल्यावर, घोड्यावर आपटून, बार होऊ शकतो. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली. हातातून निसटून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. आपल्या हत्यारात ती पट्टी आहे का हे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या परवानाधारकाकडून तपासून घ्या, आणि नसेल तर चक्रातलं घोड्याखाली येणारं काडतुसाचं घर रिकामं ठेवा.

आता नाशिकचं जगणं, जे अमेरिकन व्हिडिओत नसतं. आपण पाटावर पंगतीला बसतो, देवळात वाकून नमस्कार करतो, द्वारकाच्या चौकातून स्कूटर काढतो. मांडी घालून बसलं की पुढचं होल्स्टर बरगडीला ढोसतं आणि नळी जांघेत रुतते. मी पुढचं सोडलं ते एका लग्नाच्या पंगतीनंतरच. वाकलं की उलट होतं: कमरेचं हत्यार शर्टातून मागे उमटतं, पुढचं पोटाखाली दडतं. दुचाकीवरून पुढे पडलात तर पोट आणि हँडल यांच्यामधे लोखंड येतं, बाजूला पडलात तर कमरेचं हाड त्यावर आपटतं. यात निवडण्यासारखं काही नाही. रोकड घेऊन दुचाकीवर जाऊच नका. गाडीत सीटबेल्टचा पट्टा पुढच्या हत्यारावरून जातो, तो खाली कमरेच्या हाडांवर नीट बसत नाही, आणि नेमका अपघातातच तो नीट बसायला हवा असतो.

गर्दीत मात्र पुढचं निर्विवाद सरस. पंचवटीत पर्वणीला किंवा काळाराम मंदिरात रामनवमीला मागून कोण खेटतंय कळत नाही. पुढचं हत्यार स्वतःच्या दोन्ही हातांखाली राहतं. अर्थात 2027 च्या सिंहस्थात रामकुंडाकडे हत्यार घेऊन जाणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही. ते घरी तिजोरीत कुलूपबंद ठेवा. आचारसंहितेत पोलिसांनी जमा करायला सांगितलं तर वेळेत जमा करा. आणि परवाना महाराष्ट्रापुरताच असेल तर सापुताऱ्याला फिरायला जाताना हत्यार अंगावर नको; ते गाव गुजरातेत येतं.

शौचालयाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. पट्टा सैल करून उकिडवं बसलं की दोन्ही जागचं होल्स्टर लोंबतं आणि हत्यार फरशीवर पडू शकतं. पडायला लागलं तर झेलू नका, बरेसची चूक तीच होती. होल्स्टरसकट काढून डोळ्यांसमोर ठेवा. खुंटीला चापाच्या कडीने तर कधीच टांगू नका.

माझा कौल असा. पहिलं वर्षभर कमरेलाच, साडेतीनच्या ठोक्याला, जाड पट्ट्यावर, आणि ठेवताना मान वळवून खाली बघायची सक्ती. रोज दहा मिनिटं रिकाम्या हत्याराने सराव, काडतुसं दुसऱ्या खोलीत. ज्याचं पोट सपाट आहे, दिवस उभ्याने किंवा खुर्चीत जातो, कडक होल्स्टर आहे आणि जो ते अंगावरून काढूनच त्यात हत्यार बसवायची सवय खरोखर पाळतो, त्याने नंतर पुढे लावावं. पोट सुटलेल्या माझ्यासारख्याला पुढच्या होल्स्टरचं तोंड दिसतच नाही, म्हणजे त्या जागेचा सगळ्यात मोठा फायदाच गेला.

भाच्याने शेवटी रिव्हॉल्वर घेतलं, उजव्या कमरेला. त्याने आणलेलं पुढचं होल्स्टर पिस्तुलाच्या मापाचं होतं, ते माझ्या कपाटात पडून आहे.