मृताच्या रक्तातला ताण : कॉर्टिसॉल मोजावं की अ‍ॅड्रेनॅलिन?

दोन्ही ताणाची संप्रेरकं. मरण्याआधी माणसाला किती ताण होता हे त्यांवरून शोधायचं, असा विषय एमडीच्या प्रबंधासाठी घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो. शवागाराला लागूनच प्रयोगशाळा असेल तर उत्तर सावकाश शोधा. पण मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ग्रामीण रुग्णालयांतून नमुने गोळा करायचे असतील, तर कॉर्टिसॉल घ्या.

अ‍ॅड्रेनॅलिनचा मोह मला कळतो. जिवंत माणसाच्या रक्तात ते दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं, म्हणून ते शेवटच्या क्षणांबद्दल बोलेल असं वाटतं. मात्र मृत्यूनंतर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून ते आसपास झिरपत राहतं आणि पोटातल्या मोठ्या शिरेतलं, हृदयातलं रक्त फुगलेला आकडा दाखवतं. दवाखान्यात छाती दाबताना अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं असेल, तर तुम्ही ते इंजेक्शनच मोजता. शिवाय नळी लगेच बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करायचं यंत्र), मग डीप फ्रीजर. आम्ही एकदा लसींच्या डब्यातले बर्फाचे पॅक मागून आणले होते. जीप पोचेपर्यंत पॅक लिबलिबीत आणि लाल पेशी फुटून प्लाझ्मा डाळिंबाच्या रसासारखा. "हे त वाया गेलं जी," शवागारातला मदतनीस नळी उजेडात धरून म्हणाला.

कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड, त्यामुळे ते इतकं नाजूक नाही. जिवंतपणी निम्मं व्हायला त्याला तास-सव्वा तास लागतो आणि चढायलाही पंधरा-वीस मिनिटं. वीज पडून जागीच गेलेल्याच्या रक्तात ते चढलेलं दिसणार नाही. कीटकनाशक पिऊन चार तास तडफडलेल्याच्या रक्तात दिसू शकतं. त्याची खोट वेगळी. पहाटे ते आपोआपच वर जातं, मध्यरात्री तळाला असतं. सर्पदंशाच्या रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन दिलेलं असतं, तेही कॉर्टिसॉलच. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड औषधामुळे साध्या इम्युनोअ‍ॅसेचा (प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणीचा) आकडा खोटाच वाढतो, डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडमुळे शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी करतं. म्हणून केसपेपर वाचाच, आणि सांधेदुखीच्या पुड्या चालू होत्या का हे नातेवाइकांना विचारा. पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. परवडत असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री करा, त्यात रेणू वजनावरून वेगळे ओळखता येतात.

काहीही मोजा, रक्त मांडीच्या शिरेतून घ्या, शीर वरच्या बाजूला बांधून. हृदयातून काढणं सोपं असतं, म्हणूनच ते सगळे काढतात.

कर्ज, नापिकी असा महिनोन्‌महिने चाललेला ताण शोधायचा असेल, तर रक्तातल्या या दोन्हींचा उपयोग नाही. त्यासाठी केसांतलं कॉर्टिसॉल मोजा : डोक्याच्या मागच्या भागातले केस, मुळापासून 3 सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब. बर्फ नको, कागदी पाकीट पुरतं. कलप लावलेला असेल तर मात्र सोडून द्या.

आणि पंचनाम्यात मृत्यूची वेळ नुसती "रात्री केव्हातरी" अशी असेल, तर तो कॉर्टिसॉलचा नमुना अभ्यासात धरू नका.