ज्येष्ठ चालकांची उजळणी : वर्ग, सिम्युलेटर की स्वतःच्या गाडीतले तास?

साठी-पासष्टी ओलांडलेल्या चालकांसाठी ‘रिफ्रेशर’ या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या सेवा मिळतात: वर्गातला किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम, सिम्युलेटरवरचा (पडद्यासमोर बसून गाडी चालवल्याचा अनुभव देणाऱ्या यंत्रावरचा) सराव, गाडी आणि शरीर यांचा मेळ बसतो का याची तपासणी, आणि प्रशिक्षक शेजारी बसवून रस्त्यावर घेतलेले तास. निकाल आधीच सांगून टाकतो. एकाच गोष्टीला वेळ आणि पैसा द्यायचा असेल तर तो स्वतःच्या गाडीत, रोजच्या रस्त्यावर घेतलेल्या तासांना द्यावा. बाकीच्या तिन्ही जोडीला चांगल्या. त्यांतली एकही या तासांची जागा घेत नाही.

वर्गाला कमी लेखायचे कारण नाही. अमेरिकेतली एएआरपी ही संस्था १९७९ पासून ज्येष्ठांसाठी असा अभ्यासक्रम चालवते आणि पुढे आलेल्या बऱ्याच वर्गांची घडण त्याच वळणाची आहे: काही तासांची शिकवणी, शेवटी परीक्षा नाही, आणि प्रत्यक्ष गाडी चालवणेही नाही. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाला मधल्या काळात गाडीत काय बदलले ते कळायला हे पुरते. साधे उदाहरण एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे. जुन्या गाड्यांवर हात बसलेला चालक निसरड्यावर ब्रेक थोडा-थोडा, सोडून-सोडून मारतो, कारण तसेच शिकवलेले असते. एबीएसच्या गाडीत उलट करायचे असते: ब्रेक एका दमात पूर्ण दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते, घरघर आवाज येतो, आणि नेमके तेव्हाच काहीतरी बिघडले असे वाटून पाय सुटतो. स्टीअरिंगचेही तसेच. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी हात ठेवायची जुनी शिकवण एअरबॅग आल्यावर बदलली. आता हात नऊ आणि तीनवर हवेत, म्हणजे एअरबॅग फुगली तर हात तोंडावर आदळत नाहीत.

पण हे ऐकून समजले म्हणजे पायात उतरले असे होत नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी सत्तरीच्या पुढच्या चालकांवर घेतलेली एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत चार-चार तासांची दोन वर्गसत्रे आणि त्यांना जोडून रस्त्यावरचे एक-एक तासाचे दोन धडे होते, आणि या जोडीने चालकांची प्रत्यक्ष गाडी चालवण्याची पातळी सुधारली. म्हणून नुसता वर्ग देणाऱ्या सेवेला आमचे गुण निम्मे. ऑनलाइन वर्गाला त्याहून थोडे कमी, कारण तिथे शंका विचारायला कोणी नसते आणि पुढचे पान उलटत राहायचा मोह आवरत नाही.

सिम्युलेटरबद्दल मत थोडे गुंतागुंतीचे आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात, २०१२ मध्ये, ज्येष्ठांना सिम्युलेटरवरचा सराव आणि त्यांच्याच गाडी चालवण्याची चित्रफीत दाखवून सूचना दिल्या. त्यानंतर खऱ्या रस्त्यावर लेन बदलताना ब्लाइंड स्पॉटकडे, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेकडे, बघण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. म्हणजे यंत्र कामाचे आहे, पण जोडीला ‘तुम्ही इथे मान वळवली नाहीत’ असे दाखवणारे कोणीतरी असेल तर. दुसरी अडचण मळमळीची. डोळ्यांना गाडी पळताना दिसते आणि शरीर जागच्या जागी असते, त्यामुळे चक्कर, घाम, उलटी असे होते, आणि वयस्कर मंडळींना हा त्रास तरुणांपेक्षा जास्त होतो. पहिले सत्र दहा मिनिटांच्या आत थांबवणारे, आधी सरळ रस्ता आणि मग वळणे देणारे केंद्र निवडावे. सत्रानंतर लगेच स्वतः गाडी चालवत घरी जाऊ देणारे केंद्र टाळावे.

गाडी-शरीर मेळाची तपासणी ही चारांतली सर्वांत दुर्लक्षित आणि वेळेच्या मानाने सर्वांत जास्त देणारी सेवा. अमेरिकेत ‘कारफिट’ नावाचा उपक्रम आहे. त्यात बारा मुद्द्यांची यादी घेऊन प्रशिक्षित माणूस वीसेक मिनिटांत गाडीत बसलेल्या चालकाला तपासतो. तसा उपक्रम जवळ नसला तरी मोजपट्टी घेऊन त्यातले बरेचसे घरी करता येते. छातीच्या मधल्या हाडापासून स्टीअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे. उंची कमी असलेले चालक पेडल गाठायला सीट पुढे ओढतात आणि हे अंतर १५ वर येते. एअरबॅग फुगते तेव्हा तेवढ्या जवळ असणे धोक्याचे. त्यावर उपाय म्हणजे सीट मागे घेऊन तिची पाठ थोडी मागे कलती करणे आणि स्टीअरिंग खाली-मागे होत असेल तर ते वापरणे. एवढे करूनही जमले नाही तर पेडल उंच करणारी जोडणी, आणि ती सुद्धा जाणकाराकडूनच बसवून घेतलेली.

नजरेची रेघ स्टीअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा किमान ८ सेंटिमीटर वर असावी. उशी ठेवून उंची वाढवणार असाल तर ती कडक हवी. मऊ उशी ब्रेकच्या झटक्यात दबते आणि सीटबेल्टचा कमरेवरचा पट्टा पोटावर सरकतो. हेडरेस्टचा मध्य डोक्याच्या मागच्या भागाला यावा आणि डोके व हेडरेस्ट यांत ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. बहुतेक गाड्यांत ते सगळ्यांत खालच्या खाचेत, मानेमागे अडकलेले सापडते. मागून धडक बसली तर ते तिथे मानेला आधार देण्याऐवजी तिचा टेकू होते.

आरशांची मांडणी या तपासणीतला सर्वांत मोठा फायदा. आपल्या बाजूचा आरसा लावताना डोके खिडकीच्या काचेला टेकवा आणि आरसा इतका बाहेर वळवा की स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल. दुसऱ्या बाजूसाठी डोके दोन सीटच्या मधोमध झुकवून तेच करा. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी आरशात दिसणार नाही आणि पहिले दोन दिवस अस्वस्थ वाटेल. पण मागून पुढे जाणारी गाडी आतल्या आरशातून निघाली की बाजूच्या आरशात येते, मधला आंधळा पट्टा आक्रसतो. मान दुखणाऱ्याला हा मोठा आधार. तरीही दुचाकी त्या उरलेल्या फटीत मावते, म्हणून खांद्यावरून एक नजर टाकणे सुटत नाही. मान वळत नसेल तर कमरेतून वळावे, आणि त्यासाठी आधी पट्टा व सीट यांत तेवढी मोकळीक आहे ना ते पाहावे.

आता मुख्य गोष्ट, रस्त्यावरचे तास. चांगला प्रशिक्षक पहिली पंधरा मिनिटे गप्प बसतो. चालकाला त्याच्या नेहमीच्या रस्त्याने, बाजार किंवा दवाखान्यापर्यंत जाऊ देतो आणि फक्त टिपणे घेतो. नवशिक्यांना शिकवून हात तयार झालेले प्रशिक्षक इथे फसतात. ते पहिल्या चौकापासून ‘इंडिकेटर, आरसा, दुसरा गिअर’ सुरू करतात, मुरलेला चालक चिडतो आणि तास फुकट जातो. एक सत्र ४५ ते ६० मिनिटांचे पुरे. त्यापुढे थकव्यामुळे होणाऱ्या चुका दिसू लागतात आणि त्या सवयीच्या चुका समजल्या जातात. स्वतःच्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशी वेगळा ब्रेक नसतो, म्हणून सुरुवात मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये झाली पाहिजे आणि विमा अशा वापराला लागू आहे का ते आधी विचारले पाहिजे. मागच्या सीटवर मुलगा, सून, जावई कोणी नको. एरवी उत्तम चालवणारा माणूस घरच्यांच्या नजरेखाली चाचपडतो, हे चांगल्या प्रशिक्षकाला सांगावे लागत नाही.

तासात काय घेतले पाहिजे? सर्वांत आधी समोरून येणारी वाहतूक छेदून घ्यायचे वळण. ज्येष्ठ चालकांचे अपघात चौकांत आणि या वळणात तुलनेने जास्त होतात. त्यामागे बहुतेक वेळा समोरच्या गाडीच्या वेगाचा चुकलेला अंदाज असतो. वय वाढते तसा माणूस वेगापेक्षा अंतरावर जास्त भिस्त ठेवतो. पण १०० मीटरवर असलेली गाडी ताशी ५० किलोमीटरने येत असेल तर सात सेकंदांत पोहोचते, ताशी ८० ने साडेचार सेकंदांत. दिसायला दोन्ही सारख्याच लांब. म्हणून चौकात थांबून फक्त मोजायचा सराव घ्यावा: ती गाडी अमुक खांबापाशी आली की मोजायला सुरुवात, आपल्यापाशी आली की थांबायचे. वीस-पंचवीस गाड्या मोजल्या की डोळ्याला पुन्हा वेग कळू लागतो. थांबलेले असताना चाके सरळ ठेवायची. ती आधीच वळवून ठेवली आणि मागून कोणी धडकले तर गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते. गर्दीच्या चौकात हे वळण टाळून पुढे जायचे आणि सोप्या बाजूने तीन वळणे घेऊन त्याच रस्त्याला लागायचे, हा मार्गही प्रशिक्षकाने दाखवायला हवा. यात कमीपणा काही नाही.

दुसरे, पेडल. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाण्याचे अपघात बहुधा पार्किंगमध्ये होतात आणि त्याची रीत ठरलेली आहे. गाडी मागे घेताना धड वळते, कंबर सरकते, त्याबरोबर पायही सरकतो आणि टाच जिथे होती तिथे राहत नाही. पुढे यायला म्हणून पाय ब्रेकच्या जागी जातो, ती जागा ॲक्सिलरेटरची झालेली असते. गाडी उसळते आणि चालकाला वाटते ब्रेक लागत नाही, म्हणून तो आणखी जोरात दाबतो. उपाय सवयीचा. गिअर बदलण्याआधी प्रत्येक वेळी टाच ब्रेकसमोर जमिनीवर टेकवायची आणि पाय उचलून नव्हे, टाचेवर फिरवून हलवायचा. जाड तळव्याचे बूट किंवा मागे पट्टा नसलेली चप्पल नको. पाय बधिर असतील, मधुमेहात असे होते, तर हा सराव पुरा पडत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. मागचा कॅमेरा असला तरी मान वळवावीच. भिंगावर धूळ बसते आणि बाजूने धावत येणारे मूल चौकटीत शिरते तेव्हा उशीर झालेला असतो.

पुढच्या गाडीपासूनचे अंतर सेकंदांत शिकवणारा प्रशिक्षक मीटरमध्ये शिकवणाऱ्यापेक्षा बरा. ताशी ६० ला तीन सेकंद म्हणजे ५० मीटर, चार सेकंद म्हणजे सुमारे ६७. ज्येष्ठांनी चार ठेवावेत, पावसात आणखी. लेन राखणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा गाडीत असेल तर तीही तासातच तपासून घ्यावी. स्टीअरिंगला अचानक बसणारा हिसका पहिल्यांदा एकटे असताना अनुभवू नये.

सत्राच्या शेवटी लेखी टिपण मिळाले पाहिजे: तीन-चार चुका, प्रत्येक कोणत्या चौकात झाली, पुढच्या दोन आठवड्यांत काय करायचे. ‘छान चालवता, काळजी घ्या’ एवढेच सांगणारी सेवा पैसे घेऊन कौतुक विकते. एकाच सत्रावर थांबणारीही अपुरी. दोन ते तीन सत्रे, मध्ये आठवडाभर सराव.

एक भेद ग्राहकाच्या लक्षात येत नाही आणि काही विक्रेतेही तो सोयीने पुसतात. उजळणी वेगळी आणि क्षमतेची तपासणी वेगळी. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, वारंवार गाडी घासणे, सिग्नल दिसूनही न समजणे, ही लक्षणे विसरण्याच्या आजाराची असू शकतात आणि तिथे तास वाढवून काही होत नाही. तिथे डॉक्टर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे शरीराला जमतात का ते तपासणारे तज्ज्ञ) हवेत. त्यांच्या साध्या चाचण्यांत एक असते तीन मीटर भराभर चालत जाऊन परत येण्याची. त्याला ९ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाय तपासायचे. दुसरी, आकडे आणि अक्षरे आळीपाळीने जोडत जाण्याची. तिला १८० सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पुढची तपासणी करायची. जपानने हा भेद कायद्यातच ठेवला आहे: परवाना नव्याने घेताना सत्तरीपुढे वर्ग, पंच्याहत्तरीपुढे स्मृती व आकलनाची चाचणी, आणि काही ठरावीक नियम मोडलेल्यांना मे २०२२ पासून प्रत्यक्ष चालवण्याचीही.

चौकशीचा फोन कराल तेव्हा प्रशिक्षक औषधांबद्दल विचारतो का ते पाहा. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन झोप आणते. झोपेच्या काही गोळ्यांचा अंमल दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतो. इन्सुलिन घेणाऱ्याने निघण्याआधी साखर तपासावी, ती ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी खावे, आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा तपासावी. हे न विचारता थेट तारीख देणारा प्रशिक्षक नवशिक्यांसाठी चालेल.

रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळ्या काचांचे चष्मे मात्र घेऊ नका. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्युलेटरच्या चाचणीत त्यांनी समोरून प्रकाशझोत येत असताना पादचारी ओळखायला काहीच मदत केली नाही. साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पडद्यापर्यंत पोहोचतो. पिवळी काच त्यातलाही थोडा अडवते. त्याऐवजी काच आतून पुसा, हेडलाइट घासून घ्या आणि मोतीबिंदू तपासा. शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठांचे अपघात न करून घेतलेल्यांच्या निम्म्याच्या आसपास असल्याचे २००२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते.