नाफिऑनच्या पोटात काय आहे ते बघायचंय: टीईएम, सॅक्स की एएफएम?

नाफिऑन म्हणजे इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) प्रोटॉन वाहून नेणारं प्लॅस्टिकचं मेंब्रेन, म्हणजे पडदा. त्याची पातळ पट्टी तळहातावर ठेवा. घामाच्या ओलीनं ती कडांकडून वळायला लागते. पाण्याची ही ओढ ध्यानात ठेवली, तर निम्मा निर्णय तिथंच होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जी मुलं इंधनघटाच्या मेंब्रेनवर पीएचडी करतायत, त्यांच्या हातात पैसे मोजके. नमुना बाहेरगावी पाठवायचा, तोही एकदाच. मग कुठल्या चाचणीला?

मी आधी टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन आरपार धाडून चित्र काढणारं सूक्ष्मदर्शक, निवडलं, कारण प्रबंधात चित्र हवं होतं. पण टीईएमचं काम निर्वातात चालतं. आत जाता जाता मेंब्रेन सुकतं, पाण्याचे पुंजके आक्रसतात. वर इलेक्ट्रॉनांचा मारा पाणी धरून ठेवणाऱ्या सल्फॉनिक गटांनाच इजा करतो. शिशाच्या आयनांनी रंगवलं की काळे ठिपके छान उठून दिसतात, पण काप ७० नॅनोमीटरचा आणि पुंजका जेमतेम ४ चा. म्हणजे सतरा-अठरा थर एकावर एक! विड्याच्या पानांची चवड दिव्यासमोर धरून एका पानाच्या शिरा मोजाव्यात, तसं ते. मी महिनाभर ठिपके मोजले आणि सगळं मोजमाप टाकून दिलं. ओला नमुना गोठवून, वेगवेगळ्या कोनांतून टिपणारी क्रायो टोमोग्राफी यातून बरीच वाट काढते. २०१५ मध्ये नाफिऑनची अशी त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. ती सोय मिळाली तर सोडू नका.

सॅक्समध्ये, म्हणजे लहान कोनांत विखुरलेले क्ष-किरण मोजण्यात, चित्र मिळत नाही, आलेखात एक फुगवटा मिळतो. ओल्या नाफिऑनमध्ये तो साधारण ४ नॅनोमीटरचं अंतर सांगतो. पण नमुना ओलाच ठेवता येतो आणि क्ष-किरण अख्ख्या जाडीतून आरपार जातात. अडचण अर्थ लावण्याची. गिर्के आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अशाच मोजणीतून गोल पुंजके मांडले, तर श्मिट-रोर आणि चेन यांनी २००८ मध्ये सुमारे २.४ नॅनोमीटर व्यासाच्या समांतर नळ्या. इंदूरच्या इंडस-२ वर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉनवर, सॅक्सची बीमलाईन (मोजणीची जागा) आहे.

एएफएमला, म्हणजे बारीक सुईनं चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला, फक्त पृष्ठभाग दिसतो, आणि तो आतल्यासारखा असेलच असं नाही. प्रवाह मोजणारी सुई असेल तर पाण्याच्या वाटांची कुठली तोंडं खरंच प्रोटॉन वाहतात ते कळतं. आषाढातल्या खानापूरच्या हवेत घेतलेलं आणि मार्चमधलं मोजमाप जुळेल अशी आशा धरू नका. आर्द्रता दर वेळी लिहून ठेवा.

एकाच चाचणीचे पैसे असतील तर मी आज सॅक्स घेईन. पट्टी शुद्ध पाण्यात बुडवून, झाकण घट्ट लावून पाठवा, आणि ती किती वेळ, कशात उकळली होती ते बाटलीवर लिहा.