आधी कोणता पाहावा: 'अया एन एल रांचो ग्रांदे' की 'दोस तिपोस दे क्विदादो'?

घोडे, कट्ट्यासारखी भरलेली दारूची गुत्ती, मारियाची वाद्यवृंद आणि भांडणही गाण्यातून. 'कोमेदिया रांचेरा' (ग्रामीण जहागिरीतली गाणी-विनोदाची गोष्ट) या मेक्सिकन चित्रपटप्रकाराचे हे दोन मोठे सिनेमे, दोन्ही कृष्णधवल.

'रांचो ग्रांदे' (१९३६, दिग्दर्शक फेर्नांदो दे फुएन्तेस) हा प्रकाराचा पाया. जहागिरीचा मालक आणि त्याचा कारभारी बालमित्र. दोघांचं मन एकाच मुलीवर. नायक तितो गीझारचा आवाज गोड, पण अभिनय बेताचा. पाहावी ती गाब्रिएल फिगेरोआची छायाचित्रणकला. १९३८ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात तिचा गौरव झाला. खटकतं ते दुसरंच. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष कार्देनास जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटत होते त्याच काळात पडद्यावर मात्र मायाळू मालक आणि हसरे गडी!

'दोस तिपोस' (१९५३, इस्माएल रोद्रिगेस) मध्येही मैत्री नि प्रेमाचा तिढाच आहे, पण पटकथा कितीतरी चलाख. मुख्य म्हणजे होर्हे नेग्रेते आणि पेद्रो इन्फान्ते हे दोन गायक-नट समोरासमोर: एक ताठ, ऑपेरासारख्या भारदस्त आवाजाचा, दुसरा खट्याळ आणि मृदू. भर समारंभात दोघं गाण्याच्या कडव्यांतून एकमेकांची उणीदुणी काढतात. शाहिरी सवाल-जवाब आवडणाऱ्याला तो प्रसंग भाषा न कळताही पकडून ठेवेल. नायक म्हणून दोघांचा एकत्र सिनेमा हा एवढाच. त्याच वर्षी डिसेंबरात नेग्रेते गेला.

माझं मत सरळ 'दोस तिपोस'कडे. इतिहासाची हौस असेल तरच आधी 'रांचो ग्रांदे'.