जर्मनीहून सांगलीला पैसे: सोळा महिन्यांचा हिशेब

मी बँकेतली नाही, सीए नाही. मिरजेत नर्सिंग केलं, तिथंच चार वर्षं नोकरी केली आणि सप्टेंबर २०२४ पासून श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात आहे. घर सांगलीत, खणभागात. दर महिन्याला घरखर्चाचे पैसे आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, दोन्ही इथून जातं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. नोकरी सुटली, वही सुटली नाही. मी पाठवलेल्या प्रत्येक रकमेची नोंद त्यांच्याकडे आहे: जर्मनीतून निघाले किती, सांगलीत पडले किती, मध्ये दिवस किती गेले. खालचे आकडे त्या वहीतले आहेत.

बँकांची आणि ॲपची नावं मुद्दाम लिहीत नाही. दर महिन्याला कोण स्वस्त ते बदलतं, आणि मला जे शिकायला मिळालं त्यातलं निम्म्याहून जास्त ॲपबद्दल नाहीच.

पहिली रक्कम मी ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्या माझ्या बँकेतूनच पाठवली. पगार तिथं येतो, तिथूनच पाठवू, एवढा साधा विचार. पाचशे युरो. दादांना फोन करून सांगितलं, साधारण साडेपंचेचाळीस हजार येतील. चौथ्या दिवशी दादांचा फोन. "अगं, त्रेचाळीस हजार दोनशे एक्क्याऐंशी पडलेत. बाकीचे कुठं सांडले?"

कुठं सांडले ते शोधायला मला दोन सुट्ट्या लागल्या. त्या दिवशी बाजारात युरो ९१ रुपये २० पैसे होता, म्हणजे ४५,६०० व्हायला हवे होते. माझ्या बँकेने पाठवणावळ म्हणून साडेबारा युरो वेगळे कापले होते, ते मी धरलेच नव्हते. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून जाणारे पैसे वाटेत एखाद्या तिसऱ्या बँकेत उतरतात. त्या बँकेने पंधरा युरो ठेवून घेतले. उरलेल्या ४८५ युरोंना भाव लागला ८९.४०. वर परकीय चलन बदलून देण्याच्या सेवेवरचा जीएसटी ७८ रुपये. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या घरात. यातला फक्त जीएसटी सरकारचा, बाकी सगळी दलाली. दादांनी वहीत त्या ओळीसमोर लिहिलं, "हमाली, तोलाई, अडत." यार्डात आयुष्य गेलेल्या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर ॲपवर आले. माझ्या वॉर्डात चार मल्याळी सिस्टर आहेत, आणि या विषयात त्या म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. त्यांनी पहिली गोष्ट शिकवली: शुल्क बघू नकोस, भाव बघ. 'शून्य शुल्क' असं मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्या एका ॲपचा भाव बाजारापेक्षा सव्वा रुपयाने कमी होता. पाचशे युरोंवर ते सव्वासहाशे रुपये झाले. दुसरं ॲप सरळ चार युरो आणि काही सेंट घेत होतं, पण भाव बाजारातलाच देत होतं. दुसरंच स्वस्त. पहिल्या वेळेची खास सवलत असते ती घ्यावी जरूर, पण दुसऱ्या महिन्यात पुन्हा भाव बघावा. मी आता एकच प्रश्न विचारते: माझ्या खात्यातून अमुक युरो गेले, तर पासबुकात रुपये किती पडतील? मधलं काही वाचत नाही.

वेगाची तक्रार नाही. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून तत्काळ पैसे पाठवण्याची सोय द्यावीच लागते, त्यामुळे माझ्या खात्यातून ॲपपर्यंत पैसे दहा सेकंदांत जातात. पुढे भारतात आयएमपीएसने, म्हणजे तेही लगेच. रात्रपाळीत चहाला बसल्या बसल्या पाठवले आणि दादा सकाळी उठायच्या आत जमा, असं कितीदा झालंय. एकदाच एका ॲपने रक्कम पाच दिवस अडकवली. पैसे कुठून आले त्याचा पुरावा हवा होता. पगाराची चिठ्ठी पाठवल्यावर सुटले. रागावले होते, पण आता पगाराची चिठ्ठी मोबाइलमध्ये तयारच ठेवते.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा. जानेवारी २०२५ मध्ये युरो ८९-९० ला घुटमळत होता. सगळे म्हणत होते, वाढेल. मी थांबले. कर्जाचा हप्ता पाच तारखेला, खात्यात शिल्लक नाही, हप्ता परत गेला. दंड ५९० रुपये, शिवाय बँकेचा एसएमएस, शिवाय दादांचं भाषण. हरिपूरच्या पेवांची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. नदीकाठच्या त्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, भाव आला की काढायची. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि भावाची वाट बघणाऱ्यांची हळद गेली. "भाव थांबणाऱ्याला मिळतो, पण ज्याच्या घरी देणं नाही त्याला," असं दादा म्हणाले. पुढे सप्टेंबरपर्यंत युरो शंभरीच्या पार गेला, म्हणजे माझा अंदाज बरोबरच होता. पण हप्ता जानेवारीत होता. आता हप्त्याचे आणि घरखर्चाचे पैसे एक तारखेला जातात, भाव काहीही असो. त्याच्यावरचं काही उरलं तरच भावाचा खेळ.

इथपर्यंतचं सगळं सोपं होतं. खरी दमछाक पैसे पाठवण्यात झाली नाही. पैसे जिथं पडतात त्या खात्याने केली. माझं मिरजेच्या नोकरीतलं बचत खातं तसंच चालू होतं. नोकरीसाठी परदेशी राहायला गेलं की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे साधं बचत खातं चालवायचं नसतं, बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं करून घ्यायचं असतं, हे मला निघताना कुणीही सांगितलं नाही. व्हिसाचा एजंट नाही, बँक नाही, ट्रेनिंगवाले नाहीत. आमच्याकडून जर्मनमध्ये शंभर औषधांची नावं पाठ करून घेतली, हे एक वाक्य कुणाला सुचलं नाही.

आणि मी सिम आईकडे ठेवून आले होते. जुन्या फोनमध्ये, देवघराशेजारच्या खणात. ओटीपी आला की आई फोनवर वाचून दाखवणार, अशी योजना. (ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणतात, ते आईलाही लागू आहे हे मान्य.) भारताचं घड्याळ इथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. मी पाळी संपवून बसायचे तेव्हा आई झोपलेली असायची. जागी असली तरी ती आकडे सुटे वाचत नाही, जोडीने वाचते. "त्रेसष्ट, एकोणऐंशी, चौदा." एकोणऐंशी की एकोणसत्तर, या गोंधळात तीनदा चुकलं आणि नेटबँकिंग चोवीस तासांसाठी बंद. जाता जाता एक गंमत: जर्मन लोकही त्रेसष्टला 'तीन आणि साठ' असंच म्हणतात, आधी एकक मग दशक. मल्याळी सिस्टर अजून तिथं अडखळतात, मला पहिल्या आठवड्यात जमलं. आईची कृपा.

फेब्रुवारीत रिचार्ज करायचं राहिलं आणि सिम बंद पडलं. नवीन सिमला आधार घेऊन मालकानेच यायला हवं. मालक जर्मनीत. बँकेत नंबर बदलायचा तर अर्ज साक्षांकित करून पाठवा, नाहीतर शाखेत या. तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की झाली: खात्यात पैसे टाकायला ओटीपी लागत नाही, काढायला लागतो. दोन महिने मी माझ्याच खात्यात पैसे टाकत होते, हप्ता कापला जात होता, पण उरलेला एक रुपया हलवता येत नव्हता. घरखर्च दादांच्या खात्यावर वेगळा पाठवला. दादांचं खातं सांगली बँकेचं. ती बँक २००७ मध्येच आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली, पण दादा अजून 'सांगली बँकेत जाऊन येतो' म्हणूनच निघतात. आईवडिलांना पाठवलेल्या पैशांवर त्यांना कर लागत नाही, ही एक निवांत गोष्ट. त्या पैशांची दादांनी ठेव केली तर व्याज मात्र त्यांचं उत्पन्न.

एप्रिलमध्ये तीन आठवडे रजेवर आले, त्यातले पाच दिवस विश्रामबागच्या शाखेत. पासपोर्ट, जर्मनीचा राहण्याचा परवाना, पॅन, फोटो, जर्मनीतल्या पत्त्याचा पुरावा. पत्त्याचा दाखला जर्मनमध्ये, म्हणून भाषांतर करून आणा म्हणाले. हे आधी कळलं असतं तर जर्मनीतूनच करून आणलं असतं. काउंटरवरच्या मॅडमनी मात्र जीव लावून काम केलं. त्यांचाही पहिलाच अर्ज होता म्हणे, पुण्याला चार फोन केले. बचत खातं एनआरओ झालं, खाते क्रमांक तोच राहिला. शेजारी नवीन एनआरई उघडलं. एनआरओवर दादांना मँडेट दिलं, म्हणजे माझ्या वतीने ते घरचे व्यवहार करू शकतात, चेकवर सही करू शकतात. नवीन सिम घेतलं आणि ते आता माझ्याच फोनमध्ये दुसरं सिम म्हणून आहे. परदेशी नंबरवर यूपीआय देण्याची परवानगी जानेवारी २०२३ मध्ये आली तेव्हाच्या दहा देशांत अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, आखातातले काही देश होते, जर्मनी नव्हतं. म्हणून भारतीय सिम सोडून चालत नाही.

दोन खाती कशाला, हे दादांना सांगताना मी अडखळले तेव्हा त्यांनीच सोडवलं: "म्हणजे एक पेढीचं खातं आणि एक घरखर्चाचं." जवळपास तसंच. एनआरईमध्ये फक्त बाहेरून कमावलेलं येतं, हवं तेव्हा परत बाहेर नेता येतं, आणि व्याजावर भारतात कर नाही. एनआरओमध्ये भारतातलं उत्पन्न पडतं: भाडं, पीएफ, जुन्या ठेवींचं व्याज. त्यातून बाहेर न्यायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. ती ऐकून आम्ही दोघं हसलो.

हसू ओसरलं ते टीडीएस, म्हणजे व्याजातून बँक आधीच कापते तो कर बघून. माझी दोन लाखांची जुनी ठेव आहे. वर्षाचं व्याज चौदा हजार धरा. भारतात राहत असते तर एवढ्या व्याजावर बँकेने काही कापलं नसतं. एनआरओ झाल्यावर तीस टक्के आणि वर सेस, म्हणजे ४,३६८ रुपये. भारत-जर्मनी कर करारात व्याजावरची मर्यादा दहा टक्के आहे, पण त्यासाठी इथल्या कर कार्यालयाचा रहिवासी दाखला आणि भारतातला एक वेगळा फॉर्म लागतो. चौदा हजारांसाठी मी ते केलं नाही. माझं भारतातलं उत्पन्न तेवढंच असल्याने विवरणपत्र भरून कापलेले पैसे परत मागायचे, असं ठरवलंय. ठेव मुदत संपली की मोडणार आणि पुढची एनआरईमध्ये. तिथं एक पथ्य: एक वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. आणि भारतात करमुक्त म्हणजे जर्मनीतही करमुक्त, असं नाही. इथं जगभरचं व्याज धरतात, एकट्या माणसाला वर्षाला हजार युरोपर्यंत सूट. माझं अजून त्याच्या खूप खाली आहे.

प्राप्तिकराच्या पोर्टलवर जाऊन 'अनिवासी' असं नोंदवायला विसरू नका. २०२३ मध्ये आधार न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली तेव्हा ही नोंद नसलेले बरेच अनिवासीही त्यात अडकले. काम दहा मिनिटांचं आहे.

आमचे विट्याकडचे मामा तीस वर्षं त्रिशूरला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळण्याच्या दुकानात आहेत. मी हे सगळं रडगाणं गायलं तेव्हा ते म्हणाले, सुरुवातीला ते मनीऑर्डर करायचे, मोठी रक्कम असली की जत्रेला गावी येणाऱ्याच्या कमरेला बांधून द्यायची. एकदा तो माणूस मिरज स्टेशनवर उतरलाच नाही, झोपेत पुढे गेला. पैसे पोचले, चार दिवस उशिरा. माझ्या स्विफ्टलाही चारच दिवस लागले होते, आणि त्या माणसाने वाटेत काही कापून घेतलं नव्हतं, हे मामांनी आवर्जून सांगितलं.

सध्याची रीत अशी: एक तारखेला दोन ॲपवर पासबुकात पडणारी रक्कम बघते, जास्त देईल त्यावरून पाठवते. हप्त्याचे आणि घरखर्चाचे पैसे थेट एनआरओत. हप्ता आपोआप कापला जातो, उरलेले दादा मँडेटवर काढतात. बचत एनआरईमध्ये. दादांच्या वहीतल्या गेल्या आठ महिन्यांच्या नोंदी काढल्या तर पाचशे युरोंमागे खर्च चारशे-साडेचारशे रुपयांच्या वर गेलेला नाही. 'हमाली, तोलाई, अडत' हा शेरा त्यांनी पुन्हा कुठं लिहिलेला नाही. पाच दिवस अडकलेल्या त्या रकमेपुढे फक्त 'नाक्यावर तपासणी' असं आहे.

एक काम राहिलंय. एनआरईवर नॉमिनी म्हणून आईचं नाव घालायचं होतं, फॉर्ममध्ये तिचं नाव आधारवर एक, पॅनवर एक. त्यासाठी पुढच्या रजेत पुन्हा विश्रामबाग.