बसल्या जागचा किल्ला आणि गेलेले ३३,००० रुपये

आकडा आधीच सांगते: तेहतीस हजार. १४,७०० आगाऊ, ३,६०० ‘परत मिळणारं’ पॅकिंग डिपॉझिट आणि माल निघायच्या आदल्या दिवशी उरलेले १४,७००. ठाण्यातल्या आमच्या ज्येष्ठांच्या केंद्रासाठी किल्ल्याच्या खेळाचे बारा संच, दर २,४५०.

दिवाळीत पोरं माती कालवून किल्ला करतात. ज्यांना खाली बसता येत नाही, अर्धांगवायूने एक हात गेलाय, त्यांना तोच किल्ला व्हीलचेअरच्या ट्रेवर रचता यावा असा हा संच. जाहिरातीत तरी. आठ बुरूज, चुंबकाने चिकटणारे तटाचे जाड ठोकळे, खाली कडेची पाटी, शिवाय ३५ तुकड्यांचं लाकडी पझल, प्रत्येक तुकड्याला बोंडासारखी मूठ. गोखले रोडपासून वाशीपर्यंत कुठेही विचारा, दुकानदार म्हणतो, “बाळ किती वर्षांचं?” सत्तरीच्या माणसापुढे बदकांचं पझल ठेवायचं का? म्हणून ऑनलाइन शोधलं. हौसेने नाही.

आणि काय बघायचं ते आम्हाला नीट ठाऊक होतं, हीच चीड. पातळ पुठ्ठ्याचा तुकडा बोटाने टेबलावरून उचलता येत नाही, निदान पाच-सहा मिलिमीटर जाडी हवी. हात थरथरत असेल तर पाटीला उभी कड हवी, नाहीतर एका धक्क्यात अर्धं काम जमिनीवर. एकाच हाताने खेळायचं तर पाटी जागची हलता कामा नये. कपाटात अंथरतात ती रबरी जाळी खाली घातली तरी भागतं. हे सगळं आम्हीच इतरांना सांगतो.

तरी व्हिडिओ पाहून भुललो. त्यात प्रत्येक तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या टोकाने, चिमटीत धरून उचलला होता. मूठ कुठेच पकडलेली नाही! कशी पकडणार, मूठ व्हिडिओत नंतर चिकटवलेली. मी विचारलं, “पाटीची कड किती मिलिमीटर?” उत्तर आलं, “ऑल साइज अव्हेलेबल, ताई.” स्वतःच्या हाताने पाटी बनवणारा माणूस असं बोलेल? तिथेच फोन ठेवायला हवा होता.

त्याहून मोठी चूक पावतीची. पत्ता रबाळे एमआयडीसीचा आणि जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, ०७ म्हणजे दिल्ली. हिशेब आम्हीच ठेवतो, रोज २७ लिहितो, आणि हा ०७ डोळ्यांसमोरून गेला. पैसे पाठवताना यूपीआयवर दुकानाचं नाव नाही, भलत्याच माणसाचं आलं. “भावाचं खातं आहे.” बरं! दुकानाच्या नावाचं खातं नसेल तर एक रुपया पाठवू नका. ‘परत मिळणारं’ असं काहीही मागितलं की समजा, ते परत येत नाही.

खोकं आलं, हा विक्रेत्याचा शहाणपणा. आत पाचशे तुकड्यांची पुठ्ठ्याची जिगसॉ, तुकडा करंगळीच्या नखाएवढा. ठोकळे साध्या लेगोच्या मापाचे, नकली. लेगोचाच डुप्लो ठोकळा लांबी, रुंदी, उंची तिन्हीत दुप्पट असतो, म्हणून कमजोर मुठीत मावतो. हे इतके घट्ट की सुटे करायला दोन्ही हात आणि दात लागतात. चुंबक तर सुटेच, पिशवीत, मसुराएवढे. विसरभोळ्या माणसाने दोन गिळले तर आतड्याच्या पापुद्र्यांतून एकमेकांना खेचतात, ऑपरेशनच. पेसमेकर असलेल्याच्या छातीशी तर नकोतच. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, पण तो चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर. “हे मोठ्यांचं, लागत नाही,” हे त्याचं वाक्य नेमकं खरं होतं. त्यावरच विश्वास बसला.

मग १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. चाळीस मिनिटांनी फोन लागला. बारा अंकी यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, तोच मागतात. शेवटच्या हप्त्यातले २,१८० रुपये त्या खात्यात गोठवले. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ठाण्याचं पोलीस ठाणं म्हणालं, विक्रेता रबाळेचा, नवी मुंबईत जा. नवी मुंबईत म्हणाले, पैसे ठाण्यातून गेले, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते, कायद्यात आहे, असं सांगितलं तर साहेब हसले. “माल मिळालाय ना? मग ही फसवणूक कसली, ग्राहक आयोगात जा.” आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं छान. फक्त समोरच्याचा पत्ता हवा! तो शोधायचा पोलिसांनी, आणि पोलीस म्हणतात आयोगात जा. खोकं उघडताना व्हिडिओ काढला नव्हता, तेही आम्हालाच सुनावलं. काढा. टेप कापायच्या आधीपासून काढा.

साहेबांचं शेवटचं वाक्य तर मनात टोचतंय: “तुमची एकटीचीच तक्रार आहे हो.”

पत्त्यावर आम्हीच गेलो, रबाळे स्टेशनवरून रिक्षाने. तिथे पाण्याच्या बाटल्यांचं गोदाम. वॉचमनने पावती हातात घेतली, बघितलीसुद्धा नाही.

“खेळणीवाला ना? या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या.”